वेलभाज्यांच्या रोपांसाठी वर्तमानपत्राच्या कागदी कुंड्या

काकडी, दोडका, कारले, दुधी, पडवळ या वेलभाज्यांना मुळांना हात लावलेला मुळीच खपत नाही. वांग्याचे किंवा मिरचीचे रोप गादीवाफ्यातून उपटले आणि त्याच्या मुळांवरची माती सगळी झडून गेली, तरी दुसरीकडे लावल्यावर ते एक-दोन दिवस मान टाकते आणि मग सावरते, कारण तुटलेल्या मुळांच्या जागी नवी मुळे फोडण्याची त्याची ताकद दांडगी असते. काकडीच्या रोपाचे तसे नाही. त्याची तंतुमुळे एकदा तुटली की नवी फुटायला फार वेळ लागतो, तोवर पाने सुकतात आणि रोप जगले तरी पंधरवडाभर खुरटलेलेच राहते. म्हणूनच आपल्याकडे वेलभाज्यांचे बी थेट आळ्यात टोकण्याची रीत आहे. ही रीत चुकीची नाही, पण परसबागेत किंवा गच्चीवर दहा-पंधरा वेल लावणाऱ्याला ती अनेकदा महागात पडते. बी उंदीर उकरून नेतात, पहिल्या जोरदार सरीत ते वाहून जाते किंवा साचलेल्या पाण्यात कुजते, आणि जे उगवते त्याची बीजदले, म्हणजे बियातून निघणारी पहिली दोन पाने, तांबडे भुंगेरे कुरतडून टाकतात.

रोप सुरक्षित जागी वाढवायचे आणि मुळांना धक्का न लावता जमिनीत उतरवायचे, या दोन्ही गोष्टी एकत्र साधण्यासाठी वर्तमानपत्राची कागदी कुंडी हा फार चांगला उपाय आहे. रोप कुंडीसकट आळ्यात जाते, त्यामुळे मुळांभोवतीची मातीची हुंडी, म्हणजे मातीचा गोळा, फुटत नाही, आणि कागद मातीतच कुजतो. मात्र या कुंडीकडून नेमके काय हवे आहे, हे ती करायला बसण्यापूर्वी मनाशी स्पष्ट असावे. ती तीन आठवडे टिकली पाहिजे आणि त्यानंतर टिकता कामा नये. दिसायला मजबूत, पाच-सहा थरांची, डिंकाने घट्ट चिकटवलेली कुंडी हातात धरायला छान वाटते, पण जमिनीत गेल्यावर तीच रोपाचा कोंडवाडा होते. पुढे दिलेली मापे आणि सूचना या एकाच विचारावर बेतलेल्या आहेत.

सगळ्याच रोपांसाठी ही खटपट करण्याची गरज नाही. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी आणि फ्लॉवर यांची रोपे गादीवाफ्यावर किंवा प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे खळगे असलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये, उत्तम होतात आणि लावणी सहज सोसतात. मेथी, कोथिंबीर, मुळा आणि गाजर ही तर जागच्या जागीच पेरायची पिके आहेत. कागदी कुंडी खरी उपयोगी पडते ती वर सांगितलेल्या वेलांना, लाल भोपळ्याला, सोटमूळ दुखावलेले न चालणाऱ्या भेंडीला आणि फुलझाडांत गोकर्णाला व सूर्यफुलाला. पपई आणि शेवगा यांनाही मुळांची हालचाल आवडत नाही, परंतु पपईचे रोप लावणीयोग्य व्हायला दीड ते दोन महिने लागतात आणि साधी कागदी कुंडी इतके दिवस तग धरत नाही. त्यावरचा उपाय पुढे येईल.

कागद कोणता घ्यावा

साध्या, खरखरीत, चमक नसलेल्या वर्तमानपत्राचा कागद घ्यावा. हा कागद लाकडाच्या यांत्रिक लगद्यापासून किंवा रद्दीच्या लगद्यापासून तयार होतो आणि ओला झाल्यावर मजबूत राहावा यासाठी त्यात सहसा काही मिसळलेले नसते. आपल्याला हाच त्याचा अवगुण उपयोगी पडतो. पुरवण्यांचा, जाहिरातपत्रकांचा आणि मासिकांचा गुळगुळीत कागद घेऊ नये, कारण त्यावर खनिज भुकटीचा लेप असतो, पाणी त्यात नीट मुरत नाही आणि तो कुजायलाही फार वेळ घेतो. दुकानातली बिले ज्या तकतकीत औष्णिक कागदावर छापतात, तोही बागेपासून लांबच ठेवावा, कारण त्यावर रसायनांचा लेप असतो. कागद शक्यतो अलीकडच्या काही महिन्यांतला असावा. लगद्यात लाकडातले लिग्निन शिल्लक असल्यामुळे हा कागद उजेडात आणि हवेत पिवळा पडतो व ठिसूळ होतो, आणि वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेली रद्दी घडी घालतानाच तुटते.

शाईविषयी अनेकांच्या मनात शंका असते आणि ती रास्त आहे. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत, अशी सूचना काढली होती. गरम आणि तेलकट वडा किंवा भजी कागदावर ठेवली की शाई तेलात उतरते आणि थेट पोटात जाते, म्हणून ती सूचना योग्यच आहे. मातीतला मामला वेगळा आहे. काळ्या शाईतला रंग म्हणजे मुख्यतः काजळीसारखा कार्बन असतो, तो पाण्यात विरघळत नाही आणि मुळे तो शोषून घेत नाहीत. तरीही मी काळ्या मजकुराचीच पाने घेतो आणि पानभर रंगीत जाहिरात असलेली पाने रद्दीत परत टाकतो. कागदाचा तुटवडा कधीच नसतो, मग जिथे शंका आहे ते पान वापरायचे कशाला?

मापे आणि घडी

आपल्याकडच्या मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्राचे एक पान साधारण ३४ सेंटीमीटर रुंद आणि ५३ सेंटीमीटर उंच असते. उभ्या दिशेने, म्हणजे वरून खाली, ते मधोमध दुमडून फाडले की सुमारे १७ सेंटीमीटर रुंदीच्या आणि ५३ सेंटीमीटर लांबीच्या दोन पट्ट्या मिळतात. यासाठी कात्रीची गरज लागत नाही. कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने बसतात आणि छपाईयंत्रावरून कागद ज्या रीतीने धावतो त्यामुळे ती दिशा पानाच्या उंचीची असते. म्हणून वरून खाली फाडलेला कागद सुरीने कापल्यासारखा सरळ फाटतो आणि आडवा फाडलेला वाकडातिकडा जातो. पानाच्या वरच्या व खालच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात, त्यावरून उभी दिशा लगेच ओळखता येते. एका पानाला दोन बाजू, म्हणजे दोन पृष्ठे, आणि एका पानाच्या कुंड्याही दोन, त्यामुळे वर्तमानपत्राची जितकी पृष्ठे तितक्या कुंड्या, असा सोपा हिशेब धरावा.

साच्यासाठी सुमारे ६ सेंटीमीटर व्यासाचा, सरळ बाजूंचा पेला किंवा काचेची लहान बाटली घ्यावी. खाली फारच निमुळता होत जाणारा पेला नको, कारण त्याच्यावर पट्टी तिरपी गुंडाळली जाते. पट्टी टेबलावर आडवी पसरून तिची एक लांब कड ३ सेंटीमीटर दुमडावी आणि नखाने घडी पक्की करावी. ही दुहेरी कड कुंडीचा काठ होते आणि भरताना काठ खचत नाही. आता घडी खालच्या बाजूला, टेबलाकडे राहील अशा रीतीने पट्टी उलटावी आणि पेला तिच्यावर आडवा ठेवावा. पेल्याचे तोंड घडीच्या बाजूला असावे आणि बुडाच्या पुढे ५ सेंटीमीटर कागद मोकळा उरावा. मग पेला कागदासह लोटत न्यावा. या मापाच्या पेल्याचा घेर सुमारे १९ सेंटीमीटर असल्याने ५३ सेंटीमीटरच्या पट्टीचे पावणेतीन वेढे होतात, म्हणजे भिंत जवळपास तीन थरांची होते आणि वेलभाज्यांना तेवढी पुरते. वेढे घट्ट ओढू नयेत. कागद पेल्याला चिकटून बसला तर काढताना कुंडी फाटते, म्हणून बोटाच्या टोकाने पेला सहज फिरवता यावा इतपत तो सैल असावा.

बुडाशी उरलेला कागद आत वळवण्याचा एक क्रम आहे आणि तो पाळल्यास खळ किंवा डिंक लागत नाही. पट्टीचे मोकळे टोक जिथे संपते, तिथला कागद सर्वांत आधी आत दुमडावा, त्यामुळे ते टोक पुढच्या घड्यांखाली दाबले जाऊन सुटत नाही. नंतर त्याच्या समोरची बाजू, मग उरलेल्या दोन बाजू, आणि शेवटी मधे राहिलेले कोपरे आत घ्यावेत. पेल्याची त्रिज्या ३ सेंटीमीटर आणि कागद ५ सेंटीमीटर असल्याने प्रत्येक घडी मध्यबिंदूच्या पलीकडे जाते व घड्या एकमेकींवर बसतात. त्यानंतर पेला कागदासह उभा धरून टेबलावर जोराने दाबावा आणि दाब तसाच ठेवून अर्धा वेढा फिरवावा. बूड सपाट झाले की पेला अलगद वर ओढून घ्यावा. हाताशी ९ सेंटीमीटर उंचीची, सुमारे पाव लिटर मिश्रण मावेल अशी कुंडी येते. रिकामी असताना ती थोडी डळमळीत वाटते, पण मिश्रण भरले की त्याच्या वजनाने बूड बसते.

काहीजण कणकेची किंवा मैद्याची खळ लावून बूड चिकटवतात. खळ मातीत कुजते, त्यामुळे रोपाला तिचा उपद्रव नाही, पण तिच्या वासाने मुंग्या, झुरळे आणि उंदीर येतात, आणि उंदरांपासून बी वाचवण्यासाठीच तर आपण हा खटाटोप करत असतो. चिकटपट्टी आणि स्टेपलरची पिन तर अजिबात वापरू नये.

भरण्याचे मिश्रण

चाळलेली पोयटा माती, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि धुतलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, समप्रमाणात घ्यावे. विदर्भात, मराठवाड्यात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात हाताशी काळी मातीच असते. ती ओली झाल्यावर फुगते आणि सुकल्यावर आकसून भेगाळते, आणि या फुगण्या-आकसण्यात कागदाची भिंत फाटते. अशा ठिकाणी मातीचे प्रमाण एकचतुर्थांशापेक्षा जास्त ठेवू नये आणि बाकी भाग खताने व कोकोपीटने भरून काढावा. कोकोपीट धुऊन घेणे आवश्यक आहे, कारण त्यात क्षार असू शकतात आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाहीत. शेणखत अर्धवट कुजलेले असेल तर ते कुंडीत तापते, म्हणून त्यात शेणाचा वास येत नाही आणि ते हाताला मोकळे, काळसर लागते याची खात्री करावी.

खताच्या प्रमाणात काटकसर करू नये, याला एक खास कारण आहे. कागदात कार्बन भरपूर असतो, पण नत्र, म्हणजे नायट्रोजन, नावालाच असते. कागद कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांना नत्र लागते आणि हे जीव ते आजूबाजूच्या मातीतून, म्हणजे रोपाच्याच वाट्यातून घेतात. म्हणून कागदी कुंडीतल्या रोपाची खालची पाने दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात फिकी पिवळी पडताना दिसली तर त्याला रोग समजून औषध फवारू नये. मूठभर गांडूळखत दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, ते पाणी आठवड्यातून दोनदा द्यावे. जीवामृत करत असाल तर तेही दहापट पाण्यात मिसळून व गाळून चालते.

मिश्रण कोरडे भरू नये. ते आधी ओले करून हातात घ्यावे आणि दाबून पाहावे. लाडू वळला गेला पाहिजे, पण बोटांच्या फटीतून पाणी निथळता कामा नये. ही ओल योग्य समजावी. कोरडे मिश्रण भरून वरून झारीने पाणी घातले तर कोकोपीट पाणी झटकन घेत नाही, पाणी कडेने वाहते आणि कागद मात्र चिंब होतो. कुंडीत आधी दोन बोटे मिश्रण घालून पेल्याच्या बुडाने हलके दाबावे, म्हणजे घड्या जागच्या जागी बसतात, आणि मग काठापासून एक सेंटीमीटर खाली राहील इतके भरावे.

भरलेल्या कुंड्या जाळीदार क्रेटमध्ये एकमेकींना टेकवून ठेवाव्यात. टोमॅटोच्या क्रेटमध्ये या मापाच्या पंचवीस-तीस कुंड्या बसतात. पहिले आठ-दहा दिवस या दाटीचा फायदाच होतो, कारण कुंड्या एकमेकींना आधार देतात आणि ओलही टिकते. बीजदलांनंतरचे पहिले खरे पान दिसले की त्या बोटभर अंतराने मोकळ्या कराव्यात. तसे न केल्यास मुळे ओला कागद भेदून शेजारच्या कुंडीत शिरतात आणि पुढे वेगळी करताना तुटतात, म्हणजे ज्यासाठी कागदी कुंडी केली तोच हेतू फसतो. मधे हवा खेळत असेल तर बाहेर आलेले मुळाचे टोक सुकून तिथेच थांबते आणि आत नवी तंतुमुळे फुटतात.

बी टोकणे आणि रोपांची देखभाल

काकडीचे बी चार-सहा तास भिजवले तरी पुरते. कारले, दोडका आणि पडवळ यांची कवचे टणक असतात, म्हणून ती बारा ते चोवीस तास कोमट पाण्यात ठेवून मग ओल्या सुती फडक्यात बांधावीत आणि पुरचुंडी उबदार जागी ठेवावी. कवच उकलून पांढरा मोड डोकावला की बी टोकावे. मोड लांबू देऊ नये, कारण लांबलेला मोड हाताळताना मोडतो. टोकण्यापूर्वी बियांना ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी चोळून घेतली तर रोपे कोलमडण्याचा धोका बराच कमी होतो. शेतीत तिचे प्रमाण किलोभर बियाण्याला ५ ग्रॅम असे असते, घरच्या पंचवीस-तीस बियांना चिमूटभर पुष्कळ झाले. प्रत्येक कुंडीत दीड ते दोन सेंटीमीटर खोल, एकमेकांपासून थोड्या अंतरावर दोन बिया टोकाव्यात. दोन्ही उगवल्या तर जोमदार रोप ठेवून दुसरे मातीलगत कात्रीने कापावे. ते उपटू नये, कारण दोघांची मुळे एव्हाना एकमेकांत गुंतलेली असतात.

काकडी उबदार हवेत चार-पाच दिवसांत वर येते, कारल्याला आठवडा ते दहा दिवस लागतात. उगवणीपर्यंत क्रेटवर ओले गोणपाट पसरावे आणि पहिला अंकुर दिसताच ते काढून टाकावे. एक दिवस जरी उशीर झाला तरी रोपे लांबुडकी आणि पांढुरकी होतात. त्यानंतर त्यांना सकाळचे ऊन भरपूर द्यावे आणि मे महिन्यात दुपारी मात्र हिरव्या जाळीची सावली करावी. क्रेटवर मच्छरदाणीचा तुकडा सगळीकडून नीट खोचला की तांबडे भुंगेरे बीजदलांपर्यंत पोहोचत नाहीत.

पाणी देण्यात सर्वांत जास्त चुका होतात. वरून धार धरली की माती उसळते, बी उघडे पडते आणि काठ भिजून लोळतो. त्याऐवजी कुंड्या परातीत किंवा सपाट ट्रेमध्ये ठेवून त्यात एक सेंटीमीटर पाणी ओतावे, पंधरा-वीस मिनिटांनी वरची माती ओलसर दिसू लागली की उरलेले पाणी फेकून द्यावे. कुंडी पाण्यात उभी ठेवून विसरू नये, तसे झाले तर बूड सुटते आणि मुळेही गुदमरतात. ओली कुंडी काठाला धरून कधीच उचलू नये, तळहात किंवा खुरपे बुडाखाली सारून उचलावी.

कागदावर बाहेरून पांढरी किंवा करडी बुरशी दिसली तर घाबरण्याचे कारण नाही, ती कागद खाणारी बुरशी आहे, रोप खाणारी नव्हे. पाणी थोडे कमी करावे आणि हवा खेळू द्यावी. रोपाचे खोड मातीलगत पाणचट होऊन ते आडवे पडले, तर मात्र ती कुंडी मिश्रणासकट ताबडतोब बाजूला काढावी.

आपल्या हवेत वाळवीकडे विशेष लक्ष द्यावे लागते, आणि ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. कोरडा कागद, खाली माती आणि वर सावली, असा योग जुळला की वाळवी हमखास लागते. म्हणून क्रेट जमिनीवर न ठेवता विटांवर किंवा लोखंडी स्टँडवर ठेवावे आणि मिश्रणात घमेल्याला दोन मुठी निंबोळी पेंड मिसळावी. पावसाळ्यात याच उंचीमुळे गोगलगाईंचाही त्रास कमी होतो. पावसाळ्यात क्रेट छपराखाली हवे, पण पागोळ्यांच्या खाली नको. पन्हाळीतून पडणाऱ्या धारेपुढे कागदी कुंडी एक दुपारही टिकत नाही.

केव्हा लावावे

खरीपासाठी रोहिणी नक्षत्राच्या सुरुवातीला, म्हणजे २५ मेच्या आसपास, कुंड्यांत बी टोकावे. ७ किंवा ८ जूनला मृग निघतो आणि त्यानंतर जून मध्यावर काकडी-दोडक्याची रोपे दोन ते तीन खऱ्या पानांवर येतात. पाऊस वेळेवर असेल तर जमिनीत तोवर चांगली ओल झालेली असते, आणि आळ्यात बी टोकणाऱ्याच्या तुलनेत आपला वेल दोन-तीन आठवडे पुढे असतो. कोकणात जिथे पडवळ, शिराळी (दोडका) आणि तवशी (काकडी) मांडवावर चढवतात, तिथे ही आघाडी मोलाची ठरते, कारण जुलैच्या झोडपणाऱ्या पावसाआधी वेल मांडवाला लागलेला असला पाहिजे.

मृगाचा पाऊस अनेकदा हुलकावणी देतो. रोपे तयार असतात, पण जमिनीत ओल नसते आणि कुंड्यांचा कागद विरायला लागलेला असतो. अशा वेळी कुंडी बदलू नये. नव्या पट्टीचा एक वेढा जुन्या कुंडीवर बाहेरून गुंडाळावा, बुडाखाली दुमडावा आणि वरून सुतळीने सैलसर बांधावे. आठ-दहा दिवस निभावून जातात. पपई आणि शेवग्यासाठीही हीच युक्ती वापरावी. त्यांच्यासाठी कुंडी सुरुवातीलाच जरा उंच करावी आणि महिनाभराने तिच्यावर दुसरे आवरण चढवावे. लावणीच्या वेळी हे बाहेरचे आवरण पूर्ण काढून टाकायचे असते.

उन्हाळी वेलभाज्यांसाठी संक्रांतीनंतर बी टोकावे. जानेवारीत नाशिक, पुणे आणि विदर्भात रात्री चांगलाच गारठा असतो आणि थंड मातीत काकडीचे बी हलत नाही. क्रेट दिवसा उन्हात आणि रात्री घरात ठेवता येते, आणि उबेमुळे उगवण वेळेवर होते. जमिनीत टोकलेल्या बियाला ही सोय नाही.

लावणी

रोप लावणीला आले की नाही, हे कागदी कुंडी स्वतःच दाखवते, आणि काळ्या प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा ती मला अधिक आवडण्याचे हे एक कारण आहे. कुंडी उचलून उजेडात फिरवून पाहावी. ओल्या, करड्या पडलेल्या कागदावर ओळींची अक्षरे अजून वाचता येत असतात आणि त्या अक्षरांमधून पांढरी, टोकदार तंतुमुळे सुईच्या अग्राएवढी बाहेर आलेली दिसतात. बुडाजवळ आणि बाजूंना अशी पाच-सात टोके दिसली आणि रोपाला दोन ते चार खरी पाने असली, की लावणी करावी. साधारणपणे बी टोकल्यापासून पंधरा ते वीस दिवसांत ही वेळ येते. याहून अधिक थांबले तर वेल ताणे, म्हणजे आधाराला गुंडाळणारे तंतू, सोडू लागतो आणि मुळे आत गोल फिरतात. लावणीआधीचे चार-पाच दिवस पाणी थोडे कमी करून आणि रोपे टप्प्याटप्प्याने दिवसभराच्या उन्हात ठेवून ती काटक करून घ्यावीत.

लावणीसाठी संध्याकाळ किंवा ढगाळ दिवस निवडावा. आळ्यात कुंडीपेक्षा थोडा मोठा खड्डा घेऊन तळाशी ओंजळभर कुजलेले खत मातीत मिसळावे आणि खड्डा आधी पाण्याने भरून ते जिरू द्यावे. कुंडीही लावणीपूर्वी पाण्यात बुडवून पूर्ण भिजवावी. मग तिचे बूड बोटांनी सोडवून काढून टाकावे आणि भिंतीला अंगठ्याच्या नखाने दोन-तीन ठिकाणी वरपासून खालपर्यंत चिरा पाडाव्यात. मातीची हुंडी हलू देऊ नये. कागद आपोआप कुजतो असे म्हणत अनेकजण कुंडी आहे तशीच पुरतात, पण कागद कुजतो तो ओल आणि जिवाणू असतील तरच. कोकणातल्या पावसात तो काही आठवड्यांत मातीत मिसळून जातो. देशावर फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत, त्यातही ठिबकची तोटी रोपापासून वीतभर लांब असेल तर, तोच कागद सुकून पुठ्ठ्यासारखा कडक होतो आणि महिन्याभराने उकरून पाहिले तरी जसाच्या तसा मिळतो. आतले रोप तोवर पाव लिटर मातीवर जगत असते. चिरा पाडायला अर्धे मिनिट लागते आणि हा धोका टळतो.

काठाकडेही तितकेच लक्ष द्यावे. वरची दुमडलेली कड फाडून टाकावी किंवा ती किमान दोन बोटे मातीखाली जाईल अशा बेताने कुंडी ठेवावी. कागदाचा काठ जमिनीच्या वर उघडा राहिला तर दिव्याची वात जसे तेल ओढते तसा तो हुंडीतली ओल वर ओढतो, वाऱ्यावर ती उडून जाते, आणि भोवतालची जमीन ओली असूनही रोप सुकते. लावल्यानंतर भोवतालची माती हाताने दाबून हुंडीशी भिडवावी, म्हणजे कागद आणि माती यांच्यात पोकळी राहत नाही. मग झारीने पुन्हा पाणी देऊन पालापाचोळ्याचे किंवा उसाच्या पाचटाचे आच्छादन करावे, मात्र ते खोडापासून चार बोटे दूर ठेवावे. ठिबक असेल तर पहिले दहा दिवस तोटी अगदी रोपाजवळ आणावी आणि नंतर हळूहळू लांब न्यावी. वेलाला चढायला काठी किंवा दोरी लावायची ती त्याच दिवशी लावावी, नंतर काठी रोवताना मुळे दुखावतात.

लावणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी पाने किंचित मलूल दिसली आणि संध्याकाळी ताठ झाली तर काळजी करू नये. संध्याकाळीही ती लोंबत असतील तर कुंडीजवळची माती बोटाने उकरून पाहावी. बाहेर ओल आणि आत कोरडे असे आढळले तर कागदात आणखी चिरा पाडून रोपाच्या बुंध्याशी तांब्याभर पाणी सावकाश सोडावे.

ज्या कुंड्यांत बी उगवलेच नाही, त्या फाडून ओल्या भाजीपाल्याच्या कचऱ्यात मिसळून कंपोस्टच्या ढिगात टाकाव्यात. रोप कोलमडून मेलेल्या कुंड्या मात्र ढिगात न टाकता बागेपासून दूर पुरून टाकाव्यात. क्रेट साबणाने धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवावे आणि मगच पुढच्या हंगामाच्या कुंड्या त्यात मांडाव्यात.